‘फोटो कसा वाटला? खरं सांगा’ : कृष्णधवल व्यक्तिचित्रांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कृष्णधवल व्यक्तिचित्रं पाठवा असं आवाहन केलं होतं. आलेल्या पत्रांत एक तक्रार सारखी दिसली : गावात, घरात, ग्रुपवर खरं मत कुणी देत नाही. म्हणून या वेळी काही फोटोंवर थेट बोललो आहोत, आणि दुसऱ्याच्या फोटोवर कसं बोलावं यावरही. पत्रं संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : ओसरीत बसलेल्या आबाजींचा फोटो जोडला आहे. क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५० एमएम लेन्स, एफ १.८ (लेन्सचं छिद्र), १/२०० सेकंद, आयएसओ ४०० (उजेडाची संवेदनक्षमता), अंतर साधारण सव्वातीन फूट. ग्रुपवर सगळ्यांनी ‘एक नंबर’, ‘जबरदस्त’ लिहिलं. त्यातून मला काहीच कळलं नाही. जसं आहे तसं सांगा.
– वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : जे जमलं आहे ते आधी, कारण ते पुढच्या वेळी मुद्दाम करता आलं पाहिजे. आबाजींना तुम्ही ओसरीच्या आत, पण काठाजवळ बसवलं आहे. अंगणातला उजेड डावीकडून, थोडा वरून येतो. दोन्ही बुबुळांत घड्याळातल्या दहाच्या जागी उजेडाचा ठिपका आहे. नाकाची सावली आखूड आहे, आणि उजवा गाल गडद असला तरी त्यावरचे दाढीचे खुंट दिसतात. ही जागा आणि ही वेळ वहीत लिहून ठेवा.

डोळे मात्र स्पष्ट नाहीत. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा : मिशीचा केस न् केस मोजता येतो, पापण्या विरघळल्या आहेत. कॅमेऱ्याने मधल्या बिंदूवर फोकस धरला आणि तो बिंदू मिशीवर होता. ही लेन्स एफ १.८ वर, सव्वातीन फुटांवरून, तुमच्या कॅमेऱ्यात जेमतेम ३ सेंटिमीटर जाडीची पट्टी स्पष्ट ठेवते. निम्मी पुढे, निम्मी मागे. मिशी आणि डोळा दोन्ही त्यात मावत नाहीत. पाच फुटांवर सरका आणि एफ ४ ठेवा. पट्टी १४-१५ सेंटिमीटरची होते आणि नाकापासून जवळपास कानापर्यंत सगळं त्यात येतं. उजेड तेवढाच असेल तर १/१२५ आणि आयएसओ १२५० ते १६०० लागेल. त्याला बिचकू नका. कृष्णधवलमध्ये दाणे (आयएसओ वाढवल्यावर येणारे बारीक ठिपके) खपतात, हुकलेले डोळे खपत नाहीत. फोकसचा बिंदू हाताने सरकवून कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर न्यायचा.

टोपी पार पांढरी झाली आहे. तिची शिवण नाही, घडी नाही, कापडाची वीण नाही. मागचं अंधारं दार फ्रेमच्या निम्म्याहून जास्त जागा व्यापतं. कॅमेऱ्याला वाटलं की सगळं दृश्यच काळोखं आहे, म्हणून त्याने उजेड जास्त घेतला. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे ०.७ करून काढा आणि स्क्रीनवर जास्त उजळ भाग लुकलुकण्याची सोय चालू ठेवा. चेहरा थोडा गडद येईल, तो नंतर उचलता येतो. जळालेली टोपी जेपेग फाइलमधून परत येत नाही. रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल असेल तर थोडीफार येते.

आता मागचं. आबाजींच्या डोक्यातून खांब उगवला आहे. तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकला असता तर तो कानाच्या पलीकडे गेला असता. उजव्या वरच्या कोपऱ्यात दोरीवर टॉवेल वाळतो आहे. रंगीत फोटोत तो फिका गुलाबी म्हणून नजरेआड झाला असेल, पण रंग काढल्यावर टोपीखालोखाल तोच सर्वांत उजळ आहे. फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करा आणि डोळे किलकिले करून पाहा. नजर आधी टोपीवर, मग टॉवेलवर आणि तिसऱ्या खेपेला चेहऱ्यावर जाते. टॉवेल काढायला दहा सेकंद लागतात, नंतर फोटोतून पुसायला अर्धा तास.

काठीवरचा हात बरोबर मनगटावर कापला गेला आहे. मनगट, कोपर, गुडघा, घोटा या सांध्यांवर फ्रेमची कड आली की तो अवयव तुटल्यासारखा वाटतो. एकतर कोपराच्या वर कापा, नाहीतर काठीच्या मुठीसकट पूर्ण हात घ्या. आम्ही असतो तर हात घेतला असता. नखांत माती असलेला तो हात या फोटोतली दुसरी चांगली गोष्ट आहे. पाच फुटांवर सरकलात की तो आपोआप मावेल. शेवटचं : कॉन्ट्रास्ट इतका ओढला आहे की उजवा खांदा दारात बुडाला. तो अर्ध्यावर आणा, खांद्याची कड परत दिसेल.

आणि ग्रुपचं म्हणाल तर ‘एक नंबर’ ही दाद आबाजींना आहे, फोटोला नाही. पुढच्या वेळी ‘कसा वाटला’ असं विचारू नका. ‘पहिली नजर कुठं गेली?’, ‘डोळे स्पष्ट वाटतात का?’ असं विचारा. नेमक्या प्रश्नाला लोक बऱ्यापैकी खरं उत्तर देतात.

प्रश्न : माझा मित्र लग्नाचे फोटो काढतो. सासऱ्यांचा एक कृष्णधवल फोटो तो स्पर्धेला पाठवणार आहे. मला तो साधारण वाटतो. खरं सांगितलं तर रुसेल, नाही सांगितलं तर नंतर म्हणेल की बोलला का नाहीस. कसं सांगू?
– वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आधी दोन गोष्टी विचारा : फोटो पाठवून झाला का, आणि त्याला तुमच्याकडून काय हवं आहे. पाठवून झाला असेल तर त्या फोटोतले दोष काढून उपयोग नाही, पुढच्या फोटोबद्दल बोला.

‘साधारण वाटतो’ हे मत त्याला देऊ नका, त्याने तो काहीच करू शकत नाही. साधारण का वाटतो हे आधी स्वतः शोधा. आपल्याला कळत नाही तोवर आपण ‘चेहऱ्यात जान नाही’ असं काहीतरी बोलतो. सोबतच्या फोटोत कारण उघड आहे : डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडल्या आहेत आणि नाकाची सावली ओठांवर आली आहे. ऊन डोक्यावर असताना काढलेला फोटो आहे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस याच सुमाराला असतात. तेव्हा त्याला असं सांगा : ‘दोन्ही डोळे सावलीत गेलेत, बुबुळात उजेडाचा ठिपकाच नाही. सकाळी साडेसातला काढ, नाहीतर छपरीच्या सावलीत अंगणाकडे तोंड करून बसव आणि मांडीवर पांढरं धोतर पसर, खालून उजेड मिळेल.’ दोष कुठं आहे, कशामुळे आला आणि उद्या काय करायचं, हे तिन्ही त्यात आलं. ऐकणाऱ्याला राग येतो तो बहुधा तिसरा भाग गाळल्यामुळे.

दोष दहा दिसले तरी सर्वांत मोठा एकच सांगा. आवड-निवड वेगळी ठेवा : ‘मला चौकट काळी आवडत नाही’ ही आवड झाली, ती दोष म्हणून खपवू नका. ग्रुपवर नको, समोरासमोर बोला. आणि न विचारता त्याचा फोटो आपल्या मोबाइलवर सुधारून त्याला पाठवू नका. शंभर शब्दांनी दुखावणार नाही एवढा माणूस त्याने दुखावतो.

प्रश्न : माझा छोटा स्टुडिओ आहे. एका गिऱ्हाइकाच्या आजीचा रंगीत फोटो कृष्णधवल करून दिला. हिरवं लुगडं, लाल काठ. कृष्णधवल केल्यावर काठ दिसेनासा झाला. ‘चेहरा उजळ करा’ म्हणाले म्हणून लाल रंगाची पट्टी वर ओढली तर कुंकूच गेलं! घरची मंडळी नाराज. काय चुकलं?
– स्टुडिओचालक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : सॉफ्टवेअर रंग काढतं तेव्हा प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांची बेरीज ठरावीक प्रमाणात करतं. करड्यात ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. रूढ प्रमाण लाल ३०, हिरवा ५९, निळा ११ टक्के असं आहे. ड्रॉपर (ठिपक्याचे रंग-आकडे दाखवणारं साधन) नेऊन आकडे वाचा. सावळ्या गालावर समजा लाल १४०, हिरवा ९५, निळा ७० आले, तर करडा आकडा १०६ होतो. कुंकवावर १७०, २०, ४० आले तर ६७. म्हणजे साध्या रूपांतरात कुंकू चेहऱ्यापेक्षा गडद राहतं, ते बरोबर आहे. गडद हिरव्या लुगड्यावर २०, १००, ६० आले तर करडा ७२, आणि काठावर १७०, ३०, ५० आले तर ७४. डोळ्यांना ठसठशीत वेगळे दिसणारे दोन रंग, आणि करड्यात दोन आकड्यांचा फरक! तुमचा काठ इथं हरवला.

तुम्ही लाल वर ओढला. निव्वळ लाल भागच घेतला तर गाल १४० आणि कुंकू १७०. कुंकू चेहऱ्याहून उजळ होऊन पुसलं जातं. उलट दिशेने जा. लाल २० आणि हिरवा ८० टक्के, निळा शून्य, असं मिश्रण करा. गाल १०४ वर जवळपास तिथंच राहतो, कुंकू ५० वर उतरतं, लुगडं ८४ आणि काठ ५८ होतो. काठही परतला, कुंकूही. लाइटरूमसारख्या अॅपमध्ये कृष्णधवल मिश्रणाच्या पट्ट्या असतात, तिथं हिरवा वर आणि लाल थोडा खाली. स्नॅपसीडमध्ये कृष्णधवलच्या आत रंगीत फिल्टर असतात, त्यातला हिरवा लावून पाहा. एक सावधगिरी : लाल खाली गेला की पुरळ, डाग, ओठांच्या भेगाही गडद होतात. आजीच्या गालावर डाग जास्त असतील तर पट्टी अर्ध्यावर थांबवा आणि कुंकू तेवढं ब्रशने वेगळं गडद करा.

जुन्या घरांतल्या फ्रेममध्ये कुंकू काळंभोर आणि चेहरा असतो त्याहून सावळा का दिसतो, त्याचं कारणही हेच. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. मग स्टुडिओवाले निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून चेहरा उजळ करत.

आता चेहरा उजळ करण्याबद्दल. इथं गिऱ्हाइकाला खरं सांगायचं धाडस तुम्हीच करायला हवं. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमाराला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या पायऱ्या पाडणारी जी झोन सिस्टीम बसवली, तिच्यात गोऱ्या कातडीसाठी सहावी पायरी धरतात आणि सावळ्या कातडीसाठी पाचवी. एक पायरी म्हणजे दुप्पट उजेड. परदेशी धड्यांतला आकडा आपल्या आजीला लावला की ती एक पायरी जास्त धुतली जाते. उजेडाकडचा गाल ११० ते १५० च्या मध्ये कुठंतरी ठेवा. तुमचा १०४ वर आहे, तो १२५ पर्यंत उचला आणि थांबा. सावळ्या चेहऱ्याचा आकार कपाळावरच्या आणि गालफडावरच्या चकाकीने कळतो. ‘ब्यूटी’ची पट्टी ओढली की ती चकाकी जाते आणि चेहरा सपाट होतो. गिऱ्हाइकाला दोन्ही प्रिंट चार बाय सहाच्या काढून शेजारी-शेजारी दाखवा आणि ‘यातली तुमची आजी कोणती?’ एवढंच विचारा.

प्रश्न : कापसाच्या ढिगासमोर बसलेल्या मजूर बाईचा फोटो काढला. ढीग करडा आणि चेहरा काळा आला. कॅमेरा बिघडला का?
– वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : नाही. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्यावर आणायला बघतो. फ्रेमभर पांढरा कापूस, म्हणून त्याने उजेड कमी घेतला. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १ पासून सुरू करून अधिक १.५ पर्यंत जा, किंवा स्पॉट मीटर (छोट्या जागेपुरता उजेड मोजण्याची सोय) चेहऱ्यावर धरा. त्याहून बरं म्हणजे बाईंना ढिगाच्या बाजूला, ढिगाकडे तोंड करून बसवा. उन्हातला कापूस चेहऱ्यावर फार मऊ उजेड फेकतो, एवढा मोठा रिफ्लेक्टर शहरातल्या स्टुडिओतही नसतो.

प्रश्न : मेळघाटातल्या एका कोरकू आजींचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवत आहे. सुरकुत्या उठून दिसाव्यात म्हणून अॅपमधली क्लॅरिटी (बारीक कडा ठळक करणारी पट्टी) ७० केली. नाव ‘वेदना’ दिलं. मित्र म्हणतो, तू गरिबी विकतोस. त्याचं बरोबर आहे का?
– वाचक, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : मित्राचा शब्द कडक आहे, पण त्याने बोट योग्य जागी ठेवलं आहे. फोटोत आजी भिंतीला टेकून उन्हात बसल्या आहेत. ओठांचा उजवा कोपरा वर गेला आहे, डोळ्यांच्या कडा आकसल्या आहेत. त्या हसायच्या बेतात आहेत. वेदना फोटोत कुठंच नाही, ती शीर्षकातून आणि क्लॅरिटीच्या पट्टीतून आली आहे. वृद्ध खेडूत माणूस दिसला की ‘वेदना’, ‘संघर्ष’, ‘जीवनसंध्या’ ही नावं स्पर्धांत इतकी येतात की परीक्षक ती वाचतही नसावेत. आजींचं नाव माहीत असेल आणि त्यांची हरकत नसेल तर तेच द्या. त्यांना फोटो दाखवला का, हे पत्रात नाही. एक प्रिंट नेऊन द्या आणि बाहेर पाठवण्याआधी विचारा.

तंत्राचं बोलायचं तर क्लॅरिटी ७० ने प्रत्येक सुरकुतीच्या दोन्ही बाजूंना उजळ रेघ आली आहे आणि केसांभोवती प्रभावळ. ती १०-१५ वर आणा. सुरकुत्या दाखवायच्या तर पट्टीने नाही, बाजूच्या उजेडाने दाखवा. मोबाइल चेहऱ्यापासून दीड फुटावर होता असं दिसतं, नाक आणि कपाळ फुगलं आहे, कान मागे पळाले आहेत. पाच फुटांवर उभे राहून २एक्सने काढा.

या फोटोतली खरी श्रीमंती तुम्ही घालवली आहे ती म्हणजे कपाळावरचं गोंदण. मूळ रंगीत फोटोत ते हिरवट-निळं स्पष्ट आहे, कृष्णधवलमध्ये कातडीत मिसळलं. इथं वर मूलच्या वाचकांना सांगितलं त्याच्या नेमकं उलट करायचं : लाल फिल्टर लावा. कातडी उजळते, हिरवट-निळं गोंदण गडद होतं आणि एकेक ठिपका सुटा दिसतो. कुंकवाला हिरवा, गोंदणाला लाल. कपाळावर दोन्ही असतील तर लाल लावून कुंकू ब्रशने खाली आणावं लागेल.

प्रश्न : आई सुपाने धान्य पाखडतानाचा फोटो. १/३० ला काढला, हात हललेले हवेच होते. परीक्षकांनी एवढंच लिहिलं : ‘शार्प नाही.’ हलणं हा दोषच धरायचा का?
– वाचक, पातूर, जि. अकोला

उत्तर : परीक्षकांचा शेरा खरा आहे, पण अपुरा. फोटो अस्पष्ट होण्याची कारणं तीन, आणि ती ओळखता येतात. कॅमेरा हलला तर फ्रेममधल्या सगळ्या कडा एकाच दिशेने दुहेरी दिसतात. माणूस हलला तर तेवढाच भाग ओढला जातो. फोकस चुकला तर दुसरं काहीतरी, पुढचं किंवा मागचं, कडक स्पष्ट असतं. तुमच्या फोटोत बांगड्या रेघा होऊन ओढल्या गेल्या आहेत, सुपातून उडालेलं भुसकट धुरासारखं झालं आहे. हे सुंदर आहे, त्याला कुणी हात लावू नये. पण आईचा चेहरा मऊ आहे आणि तिच्यामागच्या भिंतीच्या सारवणातली काडी न् काडी दिसते. म्हणजे हलण्याचा दोष नाही, फोकस भिंतीवर गेला. १/३० तसाच ठेवा, कोपरं अंगाला टेकवा, फोकस डोळ्यावर अडकवा आणि सूप वर जाण्याच्या क्षणाला लागोपाठ दहा-बारा फोटो घ्या. त्या क्षणी डोकं क्षणभर स्थिर असतं. एखाद्यात चेहरा थांबलेला आणि हात वाहता मिळेल.

सेवाग्रामच्या आश्रमात १९३८ पासून गांधीजींचे फोटो काढणाऱ्या कनू गांधींना गांधीजींनी तीन अटी घातल्या होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम या कामाला पैसे देणार नाही. कॅमेरा आणि फिल्मसाठी शंभर रुपये घनश्यामदास बिर्लांनी दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. तेव्हाच्या मंद फिल्मवर, कुडाच्या खोलीतल्या उजेडात, न थांबणाऱ्या माणसाचे फोटो घ्यायचे म्हणजे काही हलणारच. तिथं हलणं परिस्थितीतून आलेलं आहे आणि नजर तरीही माणसावरच जाते. तुमच्या फोटोत ती भिंतीवर जाते. फरक एवढाच.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीच्या मुलांकडून घरच्यांचे कृष्णधवल फोटो काढून घेतले. वर्गात चर्चा घेतली तर ‘छान’ आणि ‘बेकार’ यापुढे गाडी जात नाही.
– शिक्षिका, देवरी तालुका, जि. गोंदिया

उत्तर : हे दोन शब्द एका तासापुरते बंद करा. चार बाय सहाच्या प्रिंट काढा, मागे क्रमांक घाला, नाव नको. एका तासाला सहाच फोटो, प्रत्येकाला पाच मिनिटं. पहिली दोन मिनिटं ज्याने फोटो काढला तो गप्प बसेल. नाहीतर तो ‘मॅडम, तेव्हा लाइट गेली होती’ सुरू करतो आणि फोटो बाजूला राहतो. बोलणाऱ्याने पुढे येऊन प्रिंटवर बोट ठेवायचं आणि ‘इथं मला असं दिसतं’ अशी सुरुवात करायची. ‘इथं आजीच्या मागे टीव्हीचा पडदा चमकतो’, ‘इथं बाबांच्या चष्म्यात खिडकी दिसते, डोळे नाही.’ पाचव्या मिनिटाला वर्गाने मिळून एकच सूचना ठरवायची. चष्म्याची असेल तर : हनुवटी थोडी खाली, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर बोटभर उचलून धरा, काच खाली कलते आणि खिडकीचं प्रतिबिंब निसटतं. मुलाने तोच फोटो आठवड्यात पुन्हा काढून आणायचा आणि दोन्ही प्रिंट शेजारी लावायच्या. गुण दिलेच पाहिजेत तर या दुसऱ्या फोटोला द्या. आणि घरातल्या बायकांचे फोटो वर्गात लावण्याआधी त्यांना विचारून यायला सांगा.

प्रश्न : कृष्णधवल फोटोत फक्त कुंकू लाल ठेवलं तर ‘मोनोक्रोम’ गटात चालेल का?
– वाचक, साकोली, जि. भंडारा

उत्तर : नाही. फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या व्याख्येनुसार पूर्ण फोटोला एकच छटा दिलेली चालते, पण एखादाच भाग रंगीत ठेवला की तो रंगीत गटात जातो. भारतातल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा हीच व्याख्या पाळतात. आणि विचारलंत म्हणून : तिथंही पाठवू नका, चेहरा सोडून सगळे कुंकवाकडेच बघतील.

प्रश्न : वडील गेले. तेरवीला कृष्णधवल फ्रेम करायची होती, पण एकट्याचा फोटो नाही. लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा काढून अॅपने स्पष्ट केला. घरात कुणी बोलत नाही, पण कुणाला तो पटलेलाही दिसत नाही.
– वाचक, चिखली तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : तुम्ही दोन्ही फोटो पाठवलेत, म्हणून स्पष्टच लिहितो. अॅपने केलेल्या फोटोत पापण्या, दात आणि डाव्या भुवईची टोकं मूळ फोटोत नाहीत. जे दिसत नव्हतं ते अॅपने अंदाजाने भरलं आहे. डोळे दुसऱ्या माणसाचे झाले आहेत, घरच्यांना खटकतं ते हे.

मूळ प्रिंट स्टुडिओत नेऊन ६०० डीपीआयने स्कॅन करा. प्रिंटवर चेहरा साधारण २ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे जवळपास ४७० पिक्सेल मिळतील. आठ बाय दहाच्या फ्रेममध्ये चेहरा चार इंचांचा करायचा तर इंचाला ११८ पिक्सेल पडतात. भिंतीवर दुरून चालेल, हातात घेतल्यावर फुटेल. पाच बाय सातमध्ये चेहरा अडीच इंचांचा ठेवा, इंचाला १९० च्या आसपास मिळतात आणि चेहरा त्यांचाच राहतो. रंग काढा, मॅट कागदावर घ्या, वरून थोडे दाणे घाला. स्कॅनचा मऊपणा त्यात झाकतो. अॅप वापरायचंच असेल तर ओरखडे आणि डाग काढण्यापुरतं. मोठी फ्रेम हवी असेल तर चेहरा ताणण्याऐवजी भोवतीचा कोरा माउंट रुंद घ्या.

प्रश्न : बारा बाय अठराची कृष्णधवल प्रिंट लॅबमधून काढली. मोबाइलवर झकास दिसणारा फोटो काळपट आणि हिरवट आला. फोटो वाईट की लॅब?
– वाचक, अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : थोडं दोन्हीकडे. मोबाइलचा उजेड पूर्ण ठेवून तुम्ही फोटो गडद करत गेलात. प्रिंट स्वतः उजेड देत नाही, म्हणून ती काळपट वाटते. स्क्रीन अर्ध्या उजेडावर आणून पुन्हा बघा. सर्वांत गडद भाग १०-१५ च्या खाली जाऊ देऊ नका, कागदावर तो सगळा एकच काळा होतो. सर्वांत उजळ २४५ च्या आसपास थांबवा.

हिरवट झाक लॅबची. रंगीत कागदावर तीन रंगांच्या मिश्रणातून करडा तयार होतो, त्यात थोडं मागेपुढे झालं की झाक येते. मोठ्या प्रिंटआधी चार बाय सहाची चाचणी मागा, ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, आणि ती ट्यूबलाइटखाली न बघता दारात, दिवसाच्या उजेडात बघा. लॅब सुधारतच नसेल तर पूर्ण फोटोला अगदी हलकी तपकिरी छटा द्या, झाक तिच्यात लपते. फाइल २४०० बाय ३६०० पिक्सेलहून लहान नको, ३६०० बाय ५४०० असेल तर उत्तम. व्हॉट्सअॅपवरून पाठवायची तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.